किती धवले चालेल?

लग्नाच्या हंगामात तुळशीराम आणि बायजा यांचं घर चार चाकांवर असे. घर म्हणजे लढाईत जखमी माणसं वाहणारी जुनी लष्करी गाडी. लढाई संपल्यावर डिस्पोजलच्या, म्हणजे लष्कराच्या जुन्या मालाच्या, लिलावात तुळशीरामने ती उचलली. लढाईत तो लष्कराच्या मोटार कंपनीत ड्रायव्हर होता, त्यामुळे तिच्या सगळ्या खोडी त्याला ठाऊक होत्या. त्याने तिला निळा रंग दिला, पण दारावरचा तांबडा क्रॉस काही केल्या झाकला जाईना. मग रेवदंड्यापासून मांडव्यापर्यंत गाडी कुठल्याही गावात शिरली, की दवाखान्याची गाडी समजून दोघंतिघं तरी पोट धरून दारात उभी. बायजा त्यांना आल्याचा काढा पाजायची आणि मग लग्नघर कुठलं ते विचारायची.

बायजा धवलारीण होती. आगरी-कोळ्यांच्या लग्नात हळदीपासून पुढची गाणी, म्हणजे धवले, तिने म्हणायचे. ती एक ओळ सोडणार, मांडवातल्या बाया ती झेलून परत म्हणणार. धवलारणीचा आवाज पोचतो की नाही, हे मागच्या रांगेवरून कळतं. मागच्या बाया अचूक उत्तर देतात तोवर धवलारीण खरी. आणि एकदा सुरू झालेला धवला मध्ये मोडायचा नाही, यात तडजोड नाही.

दोन वर्षांपूर्वी बायजाला तीन आठवडे ताप आला. ताप गेला, पण जाताना अर्धा आवाज घेऊन गेला. उरला तो गोड होता, पण तिसऱ्या रांगेपलीकडे जाईना. तेव्हा तुळशीरामने भातशेतीचे साठवलेले चार पैसे खर्चून माईक, ॲम्प्लिफायर आणि गाडीच्या टपावर भोंगा बसवला. गावांत वीज नव्हती, म्हणून गाडीच्या बॅटरीच्या करंटची घरातल्यासारखी वीज करणारा एक कन्व्हर्टरही घेतला. त्यावर दोन हंगाम निभावले. मागची रांग अधूनमधून चुकायची, पण बायजा म्हणायची की दोष माझ्या गळ्याचा आहे.

आणि त्या चैत्रात, नवगावच्या एका लग्नात, ऐन हळदीला कन्व्हर्टरमधून धूर निघाला. बायजाने धवला मोडला नाही. उघड्या गळ्याने शेवटपर्यंत नेला. पण मागच्या रांगेतल्या निम्म्या बाया आधीचीच ओळ म्हणत होत्या, निम्म्या पुढची, आणि दोन पोरी तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. संध्याकाळी गाडीत चुलीवर भात टाकता टाकता बायजा नवऱ्याला म्हणाली, "थळला रघू तांडेलाच्या पोरीचं धवलं जर आसं मोडलं, तर मी थांबते. मंग तुमी भात लावा न् मी भात कांडते."

रघूच्या मुलीची हळद आठ दिवसांवर होती. बायजा एक गोष्ट दोनदा बोलणारी बाई नव्हती, त्यामुळे तुळशीरामला त्या रात्रीचा भात काही गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं अलिबागला वीरचंद शेठच्या दुकानात गेली. शेठकडे रेडिओपासून सायकलच्या घंटीपर्यंत सगळं मिळे. त्याने दोन कन्व्हर्टर काढून दाखवले. एक लष्करी होता, लोखंडी, दोघांनी उचलावा लागेल असा, तीनशे वॉटचा. सुरू केला की आतलं चाक गरगरा फिरे आणि फळीवरच्या काचा थरथरत. त्याच्याकडे पाहूनच तुळशीरामचे डोळे चमकले. दुसरा पत्र्याचा, बिस्किटाच्या डब्याएवढा, जेमतेम सव्वाशे वॉटचा. फिरणारं चाक त्यात नव्हतं, नुसता बारीक गुणगुणायचा. बायजाने तिथल्या तिथे मोठ्याला रेडा म्हटलं आणि लहान्याला डबी, आणि मग शेठसुद्धा तेच म्हणू लागला.

तुळशीरामचं म्हणणं असं, की आपला ॲम्प्लिफायर शंभर वॉट खातो. डबीत वर पंचवीस राहिले, म्हणजे अंगाला घट्ट बसणारी बंडी. जरा हात वर केला की उसवली. रेड्याला शंभर म्हणजे काहीच नाही. वर भोंगा अजून एक लावला तरी तो ओढील. शेठ म्हणाला, ते खरं, पण रेडा रिकामा फिरतानाही बॅटरी पितो, आणि डबीला आधी एकटीच सुरू करून गरम होऊ दिली तर ती दगा देणार नाही. हे बराच वेळ चाललं. बायजा दोघांकडे पाहत बसली होती, ती शेवटी म्हणाली, "शेठ, माजं येवडंच सांगा. किती धवलं चालंल?"

शेठ चष्मा कपाळावर घेऊन म्हणाला, "बाई, वॉट विचारा, व्होल्ट विचारा. हे धवला शुं छे?"

बायजाने त्याला समजावलं. एक धवला म्हणजे मापट्याभर तांदळाचा भात शिजून उतरेपर्यंतचा वेळ, आणि असे सात, लागोपाठ. शेठ गुजराती माणूस, हिशेब दिसला की त्याला हुरूप यायचा. त्याने बायकोला आतून हाक मारून भाताला किती वेळ लागतो ते विचारलं, गाडीची बॅटरी किती जुनी ते विचारलं, आणि कागदावर आकडे मांडून निकाल दिला. बॅटरी नवी असती तर गोष्ट वेगळी होती. या बॅटरीवर रेडा दोन धवले, फार तर अडीच. डबी सात नक्की, वर एखादा. तुळशीराम म्हणाला, कागदावर कुणीही गाईल. शेवटी शेठच कंटाळला. दोन्ही घेऊन जा, पारखायला तुमच्याइतकीच जुनी एक जादा बॅटरीही न्या, म्हणाला, आणि शनिवारी एक कन्व्हर्टर आणि ती बॅटरी परत आणा.

त्यांनी अलिबागच्या किनाऱ्यावर गाडी लावून आधी ग्रामोफोनची तबकडी वाजवून पाहिली. रेड्यावर आवाज असा सुटला की टांग्याचा घोडा बिचकला. डबीवर तो बेताचा आला. तुळशीराम जिंकल्यासारखा हसला. बायजा म्हणाली, तबकडीला मागची रांग नसते. धवला म्हणून पाहिल्याशिवाय खरं कळणार नाही.

पण धवला असा हवेत म्हणायचा नसतो. समोर कुणाच्या तरी अंगाला हळद लागलेली हवी, असं तिला शिकवणाऱ्या मावशीचं सांगणं होतं, आणि बायजाने ते कधी ओलांडलं नव्हतं. तुळशीरामने भजन म्हणून बघ म्हटलं, तर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने गाडीच्या चाकांत हवा भरायला लागला.

अशी अडलेली गाडी थळला पोचली. किनाऱ्यावर बाया जवळा वाळत घालत होत्या. रघू तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, त्याची बायको सत्यवती पुढे आली, आणि तिला बायजाने सगळं सांगितलं. मुलीची हळद नेमल्या दिवसाआधी लावता येणार नव्हती. गावात दुसरं लग्न नव्हतं. तेवढ्यात गोदू बोलली. ही गोदू म्हणजे मागच्या रांगेची मुखत्यार. किनाऱ्यावरच्या प्रत्येक लग्नात ती अगदी शेवटी, होड्यांना टेकून बसायची, आणि तिने चुकीचं उत्तर दिलं की तिच्यामागे वीस बाया चुकायच्या. तिने विचारलं, "तुज्या हलदीचं धवलं कोनी म्हनलं व्हतं गं?"

"कोनीच न्हाय," बायजा म्हणाली. तांदळाचा भाव सांगावा तसं तिने सांगून टाकलं. लढाईचे दिवस, हे चार दिवसांच्या रजेवर आलेले, त्यात चुलतसासरा जाऊन महिनाच झालेला, घरात दुखवटा. देवळात दोन हार घातले आणि पाचव्या दिवशी हे बर्माच्या वाटेला लागले. पुढे तिने किती नवरा-नवरींची हळद गायली त्याची मोजदाद नाही, पण स्वतःची राहूनच गेली. चौदा वर्षं झाली त्याला.

गोदूने हाताचा जवळा झटकला आणि उठली. "मंग थांबलाय कशाला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर किनाऱ्यावर दोन पाट मांडले गेले. रघूच्या मुलीनेच हळद वाटली आणि हसत हसत बायजा आणि तुळशीराम, दोघांच्या तोंडाला फासली. तुळशीराम उघड्या अंगाने पाटावर बसला होता, आणि चाळिशीतल्या माणसाला जेवढं लाजता येतं तेवढा लाजत होता. गाडीत बटणापाशी रघू. त्याला कुठला खटका केव्हा दाबायचा ते तुळशीरामने तीनदा समजावलं होतं, चौथ्यांदा रघूने हात जोडले. चाळीसेक बाया जमल्या. गोदू आपल्या बायांना घेऊन मुद्दाम पार शेवटच्या होडीपाशी जाऊन बसली. नवरी स्वतःच स्वतःचे धवले म्हणणार, यावर हशा पिकला. माईक हातात धरून बायजा म्हणाली, हसा हवं तेवढं, पण उत्तर नीट द्या.

पहिल्यांदा रेडा. भोंग्यातून आवाज सुटला आणि वाळत टाकलेल्या जवळ्यावरचे कावळे उडाले. तुळशीरामची छाती फुगली. मग ती हळूहळू खाली बसली. दोन वर्षं तो गाडीत बसून बॅटरीचा काटा बघत आला होता, पायाशी कन्व्हर्टर घरघरत असायचा, आणि ती घरघर फक्त आपल्यालाच ऐकू येते अशी त्याची समजूत होती. मांडवात बसून त्याने बायकोला कधी ऐकलंच नव्हतं. आज पाटावर बसल्यावर त्याला ऐकू आलं, की तीच घरघर भोंग्यातूनही येते. ती बायजाच्या प्रत्येक शब्दाखाली जात्यासारखी फिरत होती. 'हलद' एवढं कळत होतं आणि पुढचं पीठ होत होतं. होडीपाशी गोदूच्या बाया अंदाजाने काहीतरी म्हणत होत्या. दुसऱ्या धवल्याच्या शेवटी बॅटरी बसत चालली आणि आवाज बुडायला लागला. बायजाने तो धवला स्वतःच्या दमावर काठाला लावला.

जुना कन्व्हर्टरही असाच चाकाचा होता. म्हणजे मागची रांग चुकायची ती बायजाच्या गळ्यामुळे नाही, आपण आणलेल्या लोखंडामुळे. आणि ही बाई दोन वर्षं तो दोष आपल्या अंगावर घेत आली. तुळशीरामला मनापासून लाज वाटली. त्याने बायकोला तसं सांगितलं, तिथेच, हळद लावलेल्या तोंडाने. बायजाच्या चेहऱ्यावर एक मोकळेपणा आला, तो तापानंतर कुणी पाहिला नव्हता. मग त्याने रघूला ओरडून सांगितलं, शेठची दुसरी बॅटरी जोड आणि डबी लाव.

डबी आधी एकटी गरम झाली. मग आवाज आला, तो रेड्याएवढा मोठा नव्हता, पण बायजाचा होता. तिने श्वास घेतलेला कळत होता. तिसरा धवला झाला, चौथा झाला. शेवटच्या होडीपासून उत्तर येत होतं ते शब्दाला शब्द. गोदूने तर मध्ये हात उंचावून दाखवला. तुळशीराम पाटावर बसून नुसता ऐकत होता. आपल्या घरात रोज चुलीपुढे बसणारी ही बाई असं गाते, हे त्याला चौदा वर्षांनी कळत होतं.

पाचवा धवला नावांचा. त्यात नवरीचं नाव येतं, मग नवऱ्याचं. एरवी बायजा ती आधी विचारून घ्यायची. आज कुणाला विचारायची गरज पडली नाही, आणि त्यामुळे पुढे काय आहे हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तिने ओळ सोडली:

"हलदीचा वास गो, दर्याला लागला,
बायजाच्या नवऱ्याचं नाव गो..."

आणि ती थांबली. चौदा वर्षांत तिने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. 'अवं', 'ऐकलं का', 'गाडीवालं', याच्यापुढे ती कधी गेली नव्हती. त्या काळी कुठलीच बायको जात नसे. बाया आधी गोंधळल्या, मग एकेकीच्या लक्षात आलं. सत्यवतीने पदर तोंडाशी नेला. कुणी हसलं नाही. भोंग्यातून डबीची अगदी बारीक गुणगुण येत होती, बस्स. नाव घ्यायचं नाही, आणि धवला मोडायचा नाही. तुळशीराम उठून म्हणणारच होता की जाऊ दे, एवढ्याने काही अडत नाही, पण बायजाने त्याच्याकडे पाहिलं आणि तो पाटावरच राहिला.

तिने माईक तोंडापाशी नेला. मोठ्याने नाही, कानात सांगावं तसं ती म्हणाली:

"तुळशीराम."

ते नाव भोंग्यातून निघालं, वाळत घातलेल्या जवळ्यावरून, जाळ्यांवरून पार शेवटच्या होडीपर्यंत गेलं. गोदूच्या रांगेने ते झेललं आणि वीस बायांच्या आवाजात परत पाठवलं. पूर्ण, एकही अक्षर न सांडता. तुळशीरामला साहेबांनी हाक मारली होती, मामलेदाराने मारली होती, सगळ्या किनाऱ्याला त्याचं नाव माहीत होतं. पण आपलं नाव असं असतं हे त्याला माहीत नव्हतं. त्याचे डोळे भरले, हळद गालांवरून ओघळली, आणि ती पुसायचंही त्याला सुचलं नाही. त्याला इतका आनंद कधी झाला नव्हता.

तेवढ्यात रघूने गाडीतून डोकं बाहेर काढलं. डबी कोमट झाली होती, एवढंच. त्याने विचारलं, दोघांतला कुठला ठेवायचा ते कळलं ना, मग करू का बंद. बायजानेच माईकमधून उत्तर दिलं, साऱ्या थळला ऐकू जाईल असं.

"बंद करू नको, रघूदादा. माजं दोन धवलं ऱ्हायल्यात. आन तुज्या पोरीचं सात."