पंतांनी देव केलेला टेकू

तुम्हाला कुणी माझी ओळख देव म्हणून करून दिली असेल, तर ती पुसून टाका. मी टेकू आहे. वाघोलीच्या बांधावरची कोवळी बाभूळ, खांब व्हायच्या आधीच तोडलेली. वाढ अर्धवट, सालसुद्धा पुरती काढलेली नाही. असल्यांना माणसं तात्पुरत्या कामाला घेतात. त्याचा मला राग नाही. राग पुढच्या गोष्टीचा आहे.

पेशवाईतलं पुणं. बुधवार पेठेत दीनानाथपंत राहायचे, दफ्तरातले कारकून. त्यांच्या माजघराच्या मधोमध जुना सागवानी खांब होता. तो पंतांच्या डोळ्यांत खुपू लागला. का, तर म्हणे पंगत सरळ बसत नाही! खांबानं छत धरलंय, त्याचं काही नाही; पानं एका ओळीत मांडली पाहिजेत. माणसं डोक्यावरचं सोडून पानाकडंच का बघतात, हे मला अजून कळलेलं नाही.

पंतांनी मच्छिंद्र मिस्त्रीला आणलं. तो कुणा सरदाराकडं काम करून आलेला, शिवाय बोलायला गोड. सरदाराकडचं काम जाऊन बघितलं कुणी? छे! मच्छिंद्रानं खांब काढला आणि छत पेलायला वर ओल्या लाकडाची आडवी तुळई चढवली. थोड्याच दिवसांत ती पोट सोडून वाकली. मग त्यानं मला आणलं, तिच्याखाली तिरपं घुसवलं, पायाशी पाचर ठोकली.

"पावसाळा सरू द्या पंत, लगेच काढतो."

तीन पावसाळे सरले. मच्छिंद्र फिरकला नाही.

मला काढायची पंतांची छाती नव्हती आणि 'फसलो' म्हणायला जीभ रेटत नव्हती. एके सकाळी त्यांनी जाहीर केलं, "दृष्टांत झाला. याला हलवायचं नाही." झालं! मला शेंदूर लागला, कमरेला रेशमी वस्त्र आलं. थोरांनी चूक करायची आणि धाकट्यांनी तिची पूजा करायची, ही रीत तेव्हाही होती. तुळईचा भार वाढला की मी कुरकुरायचो. पंतांच्या घरच्या काकू हात जोडायच्या, "देव बोलला हो!"

मग चैत्रातलं हळदीकुंकू आलं आणि शेजारच्या आळीतली गोदा आली, श्यामसुंदरपंतांची सून. हातात आंब्याची डाळ, पण नजर भिंतींवर. दार कुठं घासतं, ओल कुठं येते, हे बघत ती चैत्रभर घरोघर हिंडत होती. कुंकू लावून घेता घेता विचारायची, "हे काम कुणाचं हो?" मला मोठी गंमत वाटली. पुरुष मिस्त्रीला विचारतात, ही घराला विचारत होती.

ती नमस्काराला वाकली आणि तिनं माझं वस्त्र जरा बाजूला सारलं.

"काकू, देवाला पाचर कशाला?"

"हळू बोल गं! हे आत आहेत."

पंत बाहेर आलेच. "सूनबाई, देवाला नमस्कार करतात. त्याच्याकडे जामीन मागत नाहीत."

"आमच्यावर वेळ आलीय म्हणून विचारते. तुम्ही नाव सुचवलंत, म्हणून मामंजी उद्या मच्छिंद्राच्या हाती कामाचा नारळ ठेवणार. आमची मधली भिंत पाडायचीय. तिला लागूनच जाऊबाईंची बाळंतिणीची खोली आहे."

"मच्छिंद्र चांगला माणूस आहे."

"मग या देवाला बाजूला करा आणि इथं पाट मांडून बसा बरं."

पंतांनी मान वर केली. तुळईला बोट जाईल एवढी भेग पडली होती. मी कुरकुरलो नाही. उत्तर त्यांनी द्यायचं होतं.

काकूंनी डाळीचं पातेलं उचललं. "चला गं, ओसरीवर बसू." एकेक बाई उठली. माजघरात पंत आणि मी, दोघंच उरलो. वाटलं, म्हातारा आता आरडाओरडा करणार. पण त्यांनी श्यामसुंदरपंतांना निरोप धाडला, आणि ते येईपर्यंत माझ्या वस्त्राची गाठ सोडली.

"श्यामसुंदरपंत, हा देव नव्हे, टेकू आहे. मच्छिंद्रानं मला फसवलं आणि मी तुम्हाला फसवत होतो."

"अहो, मग आम्ही एवढे नमस्कार घातले ते कुणाला?"

"माझ्या अब्रूला."

कामाचा नारळ मच्छिंद्राला गेला नाही. गोदेनं घरं बघून निवडलेल्या संभाजी मिस्त्रीनं श्यामसुंदरपंतांकडची भिंत उतरवली; बाळंतिणीला आधी माडीवर हलवलं, मगच पहिली वीट काढली. मग तो आमच्याकडं आला. माझ्या दोन्ही बाजूंना तुळईला आधार म्हणून दणकट धिरे उभे केले, तेव्हा कुठं मला हात लावला. खाली दगडी तळखडा बसवून त्यावर नवा खांब उभा राहिला आणि मी मोकळा झालो.

आता मी संभाजीबरोबर घरोघर जातो. लावतो तोच, काढतोही तोच. प्रत्येक घरी नवी माणसं बघायला मिळतात. पंतांवरचा राग थोडा उरलाय, तो राहू दे.

तुमच्या घरी काम काढाल, तेव्हा मिस्त्रीचं बोलणं हवं तेवढं ऐका. पण त्यानं टेकू लावला की एवढं जरूर विचारा, "हा काढायला कधी येणार?" आणि उत्तर देताना तो छताकडं बघतो की दाराकडं, ते नीट पाहा.