नकाशावरची टिंबं

सांगवीच्या देवळासमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. संचारी महाराज डोळे मिटून बोलत होते, "मानसिंगराव, सोमवारी लोणी देवकरला गेलावता. दोन तास थांबला. आमी बसतो हितं, पर नजर चालती तुमच्यासंगं!"

"अगदी खरं!" म्हणत मानसिंगरावांनी लोटांगण घातलं.

मग महाराजांचं बोट गर्दीतल्या एका तरण्या सुनेकडे, सोनमकडे वळलं. "ही सून तीन गुरुवार इंदापुरात लॉजवर जातीय."

"शेजारी दवाखाना हाय ओ! मूल होत न्हाय म्हणून जाते," सोनम कळवळली. नवऱ्यानं, ऋषिराजनं, चारचौघांत तिच्या कानाखाली अशी मारली की कानातून रक्त आलं. त्याच दिवशी ती बारामतीला माहेरी गेली.

गर्दीत सुधाबाई होत्या, गावच्या शाळेतल्या विज्ञानशिक्षिका. सोनम त्यांची विद्यार्थिनी. तरी त्या गप्प राहिल्या. घरी येऊन त्यांनी मोबाइल हातात घेतला.

दर्शनाचा नंबर लावायला महाराजांचं ॲप मोबाइलमध्ये घ्यावं लागे. सुधाबाईंनी ते घेतलं. ॲपनं पहिल्यांदा नाव विचारलं, मग लोकेशनची परवानगी मागितली, तीही कायमची. बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी मोबाइल नवऱ्याच्या, रघुनाथरावांच्या खिशात घालून त्यांना नदीच्या संगमावरच्या नरसिंहपूरला धाडलं आणि स्वतः शाळेत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दर्शनाच्या वेळी महाराज गरजले, "बाई, काल संगमावर पाय धुतले, नरसिंहाचं दर्शन घेतलं!"

"काल दिवसभर मी वर्गात होते. चाळीस पोरं साक्षीला हायेत," सुधाबाई म्हणाल्या. "नरसिंहपूरला गेला तो माझा मोबाइल!"

त्यांनी गादीमागचा पडदा ओढला. आत एक चेला लॅपटॉपपुढे बसलेला. स्क्रीनवर तालुक्याचा नकाशा, त्यावर टिंबं, प्रत्येक टिंबाला गावातल्या कुणाचं तरी नाव. चेला माइकवर पुटपुटायचा आणि महाराजांच्या फेट्याखालच्या यंत्रातून ते कानात पोचायचं.

पोलिसांनी दोघांना नेलं. ऋषिराज बारामतीला धावला. सोनम दारातच उभी राहिली. उजवा कान कायमचा गेला होता. "सांगणारा भोंदू हुता," ती म्हणाली, "पर हात तर तुमचाच हुता न्हवं?" ती परतली नाही.

ग्रामसभेत सुधाबाई उभ्या राहिल्या. "टिंब एवढंच सांगतं की फोन कुठं हाय. माणूस तिथं का गेला, हे माणसालाच विचारावं लागतं. चमत्कार दिसला की आधी विचारा, याला कळलं कसं? त्या दिवशी आपण कुणीच विचारलं न्हाय. मीसुद्धा न्हाय."