कपाटातला निळा कोट

मी बोलतोय ते एका कपाटातून. अमेरिकेत ओहायोतल्या एका कोर्टाशेजारी गरिबांचे खटले फुकट लढवणाऱ्या वकिलांची कचेरी आहे, तिथला मी निळा कोट. माझा मूळ मालक विमा विकायचा. तो गेला आणि त्याच्या बायकोने मला इथे देऊन टाकलं.

तुरुंगाच्या नारिंगी कपड्यांत आरोपी दिसला की निकाल देणाऱ्या ज्यूरीचं मत तिथेच बिघडतं. म्हणून खटल्यापुरता त्याच्या अंगावर मी. किती जणांचा घाम मी प्यायलोय! कोणी सुटले, कोणी अडकले, पण उभे राहिले माणसासारखे.

हल्ली खटलेच होत नाहीत. गुन्हा कबूल कर, शिक्षा कमी करतो, असा सौदा सरकारी वकील आधीच पुढे करतो. हा न्याय की घासाघीस, यावर प्राध्यापक मंडळी जाडजूड लेख लिहून भांडतात. मी आपला अंधारात लोंबकळतोय.

परवा मात्र वकील नोरीनबाईंनी मला काढलं, बाह्यांना टाचण्या मारल्या आणि डेमेट्रियसच्या अंगावर चढवलं. दुकान लुटल्याचा त्याच्यावर आळ होता. जामिनाला पैसे नव्हते, म्हणून वर्षभर तो आतच होता.

कोर्टात मागच्या बाकावरून त्याची आई म्हणाली, "अगं बाई, काय रुबाबदार दिसतोय माझा पोरगा!" तो लाजला. मीही ताठ झालो.

ज्यूरी यायच्या आधी सरकारी वकील नोरीनबाईंच्या कानाशी लागला. त्या डेमेट्रियसजवळ बसल्या. "कबूल केलंस तर तीन वर्षं. लढून हरलास तर वीस."

"पण मॅडम, मी तिथे नव्हतोच!"

"माहीत आहे रे मला. पण तो दुकानदार तुझ्याकडेच बोट दाखवतोय."

त्याने मागे वळून पाहिलं. "वीस वर्षांनी आई असेल का हो?"

नोरीनबाईंनी कबुलीचा कागद त्याच्यापुढे सरकवला. मग त्याने सही केली.

न्यायाधीशांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कोणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने कबूल करतोस ना?"

"हो, साहेब."

आई तोंडात पदर कोंबावा तसा रुमाल कोंबून रडत होती. शिपाई म्हणाला, "काढ तो कोट. आत नाही लागत."

बाह्यांच्या टाचण्या अजून तशाच आहेत. माझं एकच मागणं आहे, मला पुन्हा कोणाला आशा दाखवायला बाहेर काढू नका. मी त्याच्या छातीला चिकटून होतो. "मी तिथे नव्हतोच" म्हणताना ती शांत होती. "हो, साहेब" म्हणताना धडधडत होती. मला कोणी विचारलंच नाही.