बबडी हरवली आणि माझे तोंड मिटले

सरका मित्रांनो, पुढे या. मागे बसलात तर मला ओरडावे लागेल, आणि माझ्या ओरडण्यानेच एकदा केवढा घोळ झाला, तेच तर सांगायचे आहे.

मी एक जुना कर्णा आहे. हातात धरून बटण दाबले की एका माणसाचा आवाज दहा जणांचा करणारा. कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईने नुसते 'हॅलो' म्हटले, तर पलीकडच्या खोलीत कुणाचा तरी चहा सांडला. माझा जन्म तिथेच धन्य झाला! पुढे मी कवायतमास्तरांच्या हाती आलो. आवाज असावा तर असा, असे लोक म्हणत. स्तुतीने भलेभले फुगतात. मी तर घडणीनेच पुढून फुगलेला.

एका दुपारी पाच वर्षांची बबडी लाकडाच्या वखारीजवळून नाहीशी झाली. पलीकडे खोल कालवा आणि दिवस कलत चाललेला. मास्तरांनी शेजारपाजारची माणसे हातभर अंतरावर रांगेत उभी केली. रीत अशी, की माझ्यातून एक हाक मारायची, मग सगळ्यांनी स्तब्ध राहून कान द्यायचा आणि मगच पुढे सरकायचे. देवाला आळवतानाही मध्ये थांबावे लागते ना? नाहीतर त्याने 'ओ' दिली ते कळणार कसे?

तेवढ्यात कॅमेरे आले. एका बातमीदाराने रांग थांबवून विनवले, की जरा पुन्हा मागून चालत या, उजेड छान पडलाय. रांग पुन्हा चालली. दुसऱ्या वाहिनीसाठी आणखी एकदा चालली. एकाच झुडपात इतक्यांनी वाकून पाहिले की आतला सरडा कंटाळून निघून गेला. वखारीकडे मात्र कुणी फिरकेना. तिकडे म्हणे चित्र काळे येते. रांगेतले न्हावीदादा शोध सोडून शोधणाऱ्यांचे भांग पाडू लागले. स्तब्ध राहायची वेळ आली की कुणीतरी माइकपुढे बोलतच असे. मीही चेकाळलो आणि दुप्पट गरजलो, "बबडी, बाहेर ये!"

बबडीच्या आईला बातमीदारांनी विचारले, कसे वाटते आहे. तिने पुढे आलेला माइक हाताने बाजूला सारला. मग तरातरा मास्तरांकडे आली आणि मला मागून घेतले. आता आपण गाजणार, असे मला वाटले. तिने माझे बटण बंद केले.

"माझी पोर मोठ्या आवाजाला घाबरते. आता कुणी बोलू नका. मी एकटी हाक मारते."

बातमीदार माइकमध्ये कुजबुजला, "आपण पाहताय, आई आता..."

"भाऊ, तुम्हीसुद्धा." तिने त्याचा माइक काढून घेतला आणि सरळ माझ्या तोंडात कोंबला. दोन वाचाळ तोंडात तोंड घालून गप्प!

मग तिने जेवायला बोलवावे तशी हाक मारली, "बबडे, ये गं."

सगळे श्वास रोखून उभे. वखारीतल्या फळ्यांच्या ढिगामागून बारीक आवाज आला, "आई, तो राक्षस गेला का?"

राक्षस कोण, हे कळायला मला जरा वेळ लागला.

आई धावली. कॅमेरेही धावले, पण मास्तरांनी रांग त्यांच्या आडवी उभी केली, आणि या खेपेला मध्ये हातभर अंतर ठेवले नाही. मायलेकींना निवांत रडता आले.

हल्ली मी कपाटात असतो. कुणी पुसले नाही तर धूळ बसते, एवढेच. पण मित्रांनो, कुणाचे लेकरू चुकले, चार माणसे जमली आणि तुम्हाला बोलायची फार हौस आली, तर क्षणभर त्या माउलीची आठवण काढा.