लेडीज गाडीवर नाना

मी बेलापूरजवळच्या एका वस्तीवरची गुलाबी स्कूटी बोलतेय. हो, तीच ती, जिला सगळे 'लेडीज गाडी' म्हणतात. शोरूममधल्या माणसाने माझं ना इंजिन दाखवलं, ना अॅव्हरेज सांगितलं. "ताई, रंग बघा, आरसे बघा," एवढंच म्हणाला. मला तेव्हाच राग आला होता. माझी मालकीण रोहिणी मात्र हुशार, तिने आधी वाकून टायर बघितले.

रोहिणीचा नवरा बजरंग शिर्डीला हॉटेलात कामाला, आठवड्यातून एकदा घरी येतो. वस्तीवर सासू मालनबाई आणि सासरे गहिनीनाथ, म्हणजे आमचे नाना. नाना मनाने लोणी, पण एका बाबतीत अडेलतट्टू. गाडीघोडं पुरुषांनीच हाकावं! मला तर ते हातही लावत नसत.

गेल्या कार्तिकात नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना क्लच दाबता येईना. इकडे रानात गव्हासाठी झकास वाफसा आलेला. दोन दिवसांत पेरलं नाही तर ओल उडणार, आणि ट्रॅक्टर दारात नुसता उभा.

"नाना, मी चालवते की. माहेरी नेवाशाला चालवलाय मी," रोहिणी म्हणाली.

"ट्रॅक्टर म्हंजी पोळपाट-लाटनं हाय व्हय? बाईमानसाचं काम न्हाई ते."

रोहिणीचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं.

नेहमीचा ड्रायव्हर आसाराम त्या दिवशी नानांचे मित्र सहादेव यांच्या रानात होता, पण दोघेही फोन उचलेनात. ड्रायव्हर मागायला सुनेला धाडणं नानांना पटेना. मोटारसायकलला पायाने किक आणि गिअर, म्हणजे तीही बाद. उरले मी. माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून नाना म्हणाले, "लोक हसतील गं."

मालनबाईंनी हसू दाबत तोड काढली. रोहिणीचा सनकोट त्यांच्या अंगात चढवला, हातमोजे घातले, स्कार्फने मिशांसकट तोंड गुंडाळलं, वर गॉगल. "जावा आता. रोहिणीच चालली म्हनतील."

आणि तसंच झालं. मागून टेम्पोवाल्याने उगाच हॉर्न ठोकला. "ओ ताई, पाय घासू नका, ब्रेक मारा ब्रेक!" नानांचे पाय तर वरच होते. पारावरून कुणीतरी ओरडलं, "सरका रे, लेडीज आली!" सगळा पार खो खो हसला. चाळीस वर्षं गाड्या चालवलेला माणूस, पण उत्तर देण्याची सोय नाही. आवाज काढला की पितळ उघडं! माझ्या हँडलवर त्यांची मूठ आवळत गेली. मला हसूही येत होतं आणि त्यांची दयाही.

सहादेव बांधावरच भेटले. "काय गं रोहिणी, सासऱ्याला यायला काय झालं? आसाराम चार दिस मोकळा न्हाई. आन् गाडी जरा दमानं चालव. बायांना गाडीतलं काय कळतंय!"

नानांनी स्कार्फ ओढून काढला. "चाळीस वर्सं गाडी चालवतोय मी, सहादू!"

सहादेव हसता हसता खालीच बसले. "गहिन्या, तू व्हय! माफ कर गड्या, मला वाटलं बाई हाय."

"बाई आसती तर तुझं बरुबर हुतं का रं?"

नाना बोलून गेले आणि त्यांनी स्कार्फ गुंडाळून माझ्या डिकीत कोंबला. परतताना पारावरून उघड्या तोंडाने गेले.

घरी आल्या आल्या ट्रॅक्टरची किल्ली रोहिणीच्या हातात ठेवली. "पेरनी यंत्र जोड. मी बांधावर बसतो."

पहिलं तास, म्हणजे पेरणीची ओळ, जरा वाकडं गेलं. नाना ओरडायला उठले, मग तंबाखू मळत परत बसले. अंधार पडायच्या आत तीन एकर उरकलं. रोहिणी धुळीने पांढरी झाली होती आणि मालनबाई तिची दृष्ट काढत होत्या. इतका आनंद मला माझ्या पूजेच्या दिवशीही झाला नव्हता.

आता माझा मडगार्ड चेपलाय, गुलाबी रंग विटलाय. सकाळी नाना दूध घेऊन डेअरीला माझ्यावरच जातात. माझं मागणं एवढंच, गाडीचा रंग बघून चालवणाऱ्याची अक्कल ठरवू नका.

बराय, थांबते. दारात सहादेव आलेत.

"गहिन्या, आसाराम पाव्हन्याच्या लग्नाला गेलाय, माझं दोन एकर ऱ्हायलंय. रोहिणीला धाडतो का?"

"मला काय इचारतो?" नाना म्हणताहेत. "ड्रायव्हर ती हाय. तिला इचार."