फुलाफुलांचा तंबू

दादा जमीनमोजणीच्या कामावर होता. निम्मं आयुष्य रानात गेलेलं, त्यामुळे तंबूच्या बाबतीत त्याच्यापुढे कुणाचं चालत नसे. पाठीवर मावेल तेवढंच सामान, हा त्याचा नियम. धाकटी बहीण सोफे-खुर्च्यांना कापड चढवायची. दरवर्षी दोघं तळ्याकाठी मुक्कामाला जायचे आणि तिच्या पिशवीतून काहीतरी निघायचंच. कधी झालरीची उशी, कधी चौकड्यांचा पडदा.

"तंबू आहे की नाटकाचा सेट?" तो हसायचा.

एका वर्षी तिने न विचारताच तंबूच्या छतावर कापडी फुलं शिवली. नेमका पाऊस आला. सुईच्या भोकांतून पाणी गळून अंथरुणं भिजली. दादा भडकला. एकेक फूल उसवून काढत म्हणाला, "तुझी हौस घरी ठेवत जा."

तिला ते फार लागलं. ती पुन्हा गेली नाही. येणं-जाणं चालू राहिलं, पण तळ्याचा विषय दोघांनीही टाळला.

मग वहिनीचा फोन आला. दादाचा कॅन्सर आता हाडांत पसरला होता. "तळ्यावर न्या म्हणून हट्ट धरून बसलेत. म्हणतात, छोटीला सांग, काय सजवायचं ते सजव."

तिने दुकान बंद केलं. मऊ फोमचे थर चिकटवून गादी केली, कंबरेखालचा भाग आणखी नरम ठेवला. वर पिवळ्या फुलांचं कापड. तळ्यावर जाऊन तंबू ठोकला, पडदे लावले, कडेने झालर सोडली. पण वहिनीच्या खांद्याला धरून आलेल्या दादाला दारातून वाकताच येईना.

तिने कात्री काढली आणि तंबूची एक बाजू वरपासून खालपर्यंत कापली.

"अगं, वाटोळं केलंस!" वहिनी ओरडली.

"करू दे," दादा म्हणाला.

दोघींनी त्याला निजवलं. कापलेल्या बाजूतून तळं दिसत होतं. तो गादीवरून हात फिरवत राहिला.

"तेव्हा फार बोललो तुला."

"पाणी गळत होतं, दादा. माझंच चुकलं."

"गळू द्यायचं होतं. नंतर एकटा येत राहिलो. सामान हलकं असायचं, पण मजा काही येत नसे."

तिने त्याची उशी नीट केली.

रात्र तिथेच काढायची होती. पण ऊन उतरायच्या आतच कळा सुरू झाल्या, गोळीनेही थांबेनात. "थोडा वेळ अजून," म्हणत तो ओठ आवळून पडून राहिला. शेवटी वहिनीला रडू फुटलं, तेव्हा कबूल झाला. गादीसकट त्याला गाडीत घेतलं. ती एकटीच झालरी उतरवत होती.

"नीट घडी घाल," तो खिडकीतून म्हणाला, "चुरगळेल."

आठवडाभरात घरीच, त्याच गादीवर त्याने प्राण सोडला.

पुढे एकदा तिने तो तंबू दुकानातल्या टेबलावर पसरला. मशीनमध्ये दोरा ओवला, पण पॅडलवरचा पाय हलेना. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, खुर्ची झाली का म्हणून विचारायला.

"परवा या," ती म्हणाली आणि डोळे पुसायला आत गेली.