काकांची तिसरी टेस्ट ड्राइव्ह

गाडी घ्यायची नसताना टेस्ट ड्राइव्हला येणारी माणसं मला दारातूनच ओळखू येतात. ती किंमत विचारत नाहीत. खरं गिऱ्हाईक आधी किमतीवरून तोंड वाकडं करतं, मग सीटवर हात फिरवतं. हे काका तिसऱ्यांदा आले होते आणि तिन्ही वेळा एकच वाक्य, "जरा चालवून बघू का?"

"ने बाई, ने," गोडबोल्या म्हणाला. हा माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, जिभेवर साखर ठेवून. "तुझे खास पाहुणे आलेत."

गेल्या खेपेला मी काकांना फिरवून आणत होते, तेवढ्यात माझं ठरलेलं जोडपं आलं. महिनाभर मी त्यांच्या मागे होते. मी परत येईपर्यंत गोडबोल्याने त्यांचं बुकिंग आपल्या नावावर करून टाकलं होतं. तोंडचा घास गेला माझा, वर साहेबांनी सगळ्यांसमोर हजेरी घेतली ती वेगळीच. त्यामुळे आज मी काकांच्या शेजारी बसले ती धुमसतच.

चालवायचे मात्र छान. सत्तरीला टेकलेला माणूस, पण गिअर कधी बदलला ते कळायचंही नाही. खोड एकच. दर वळणाला, दर सिग्नलला त्यांची नजर झटकन खाली यायची, माझ्या पायांकडे. पहिल्यांदा वाटलं, भास असेल. दुसऱ्या वेळी मी पर्स गुडघ्यांवर घेऊन बसले. आज पुलाखालच्या वळणावर पुन्हा तेच झालं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"गाडी बाजूला घ्या! आत्ताच्या आत्ता!"

त्यांनी घेतली. इंडिकेटर देऊन, व्यवस्थित.

"लाज नाही वाटत? तुमच्या मुलीच्या वयाची आहे मी. काय बघता सारखं खाली?"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो नाही, नाही मॅडम, शप्पथ, तसलं काही नाही. मी तुमचा उजवा पाय बघत होतो. ब्रेक दाबताय का ते."

"माझ्या बाजूला ब्रेक आहेच कुठे?"

"नसला तरी दाबतात. शेजारचा माणूस घाबरला की दाबतोच."

हे मी कधी ऐकलं नव्हतं. राग जरा बाजूला ठेवून मी खाली पाहिलं. टाच घट्ट रोवलेली, बोटं मॅटमध्ये रुतलेली. अगंबाई, खरंच की!

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी काकांची गाडी खांबावर आदळली होती. "कुत्रं आडवं आलं हो. हिचा हात मोडला." तेव्हापासून काकू त्यांच्या शेजारी बसत नव्हत्या. कुठेही जायचं तर त्या बसने, हे मागून गाडीने. आता मुलीला बाळ झालं होतं आणि काकूंनी आजही बसचंच तिकीट काढलं होतं.

"नातवाला बघायला दोघांनी एकत्र जावं, एवढीच इच्छा आहे माझी," काका म्हणाले. "परक्या माणसाचा पाय दाबला गेला नाही, तर हिला सांगता येईल ना, की बघ, आता घाबरण्यासारखं काही नाही."

"आणि तुमच्यापायी माझं गिऱ्हाईक गेलं, त्याचं काय?"

त्यांना पत्ताच नव्हता. मी सांगितलं तसे ते फार ओशाळले. "मला वाटलं, पेट्रोल कंपनीचं, कुणाचं काय जातंय. पण तशी मी गाडीही बघतोच आहे..."

"थापा नका मारू, काका. आणि माझा पाय दाबला जातो, कारण तुम्ही रस्ता सोडून खाली बघता. समोर बघा आणि चला."

चालले, समोर बघत. शोरूम येईपर्यंत मला माझ्या पायाची आठवणही झाली नाही. म्हणजे माणसाला गाडी उत्तम येत होती. मग काकू बसत का नाहीत? नको तिथे नाक खुपसते म्हणून आई मला रोज बोलते, पण राहवेना.

"कुत्रं कुठल्या रंगाचं होतं हो?"

"अं?"

"आडवं आलं ते."

"होतं... मोठं होतं चांगलं."

"काळं? पांढरं?"

काकांनी आमच्या गेटाच्या आत गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवर तसेच.

"फोन वाजला होता," ते म्हणाले. "उचलायला वाकलो. कुत्रंबित्रं काही नव्हतं. पण मुलीला, पोलिसांना, सगळ्यांना तेच सांगितलं."

"आणि काकूंना?"

"हिलाही."

मी बघतच राहिले. "काका, काकू तर शेजारीच बसल्या होत्या ना?"

"मी धरून चाललो, की तिचा डोळा लागला असेल. दोन वर्षांत एकदाही म्हणाली नाही, की कुत्रं कुठे होतं म्हणून."

"तुम्ही सांगाल म्हणून थांबल्या असतील."

काकांचे डोळे भरून आले. मलाही फार वाईट वाटलं, त्या कधी न बघितलेल्या काकूंसाठी. एवढी मोठी थाप रोज ऐकून त्या घरात वावरत होत्या.

काकांनी किल्ली माझ्या हातात दिली. "गाडी घ्यायची नव्हती मला. पहिल्या दिवसापासून नव्हती."

"हं. एक थाप तर कबूल करून झाली," मी म्हणाले. "काकूंची बस किती वाजता आहे?"

"चारला."

"अहो, साडेतीन होत आले! मग इथे काय बसलाय? पळा!"

आणि सत्तरीचा तो माणूस गाडीचं दार उघडं टाकून खरंच पळत सुटला.